पालीची भूक आणि दुकानाची यादी

अंगावर बिबट्यासारखे ठिपके, मिटता येणाऱ्या पापण्या आणि चरबी साठवून जाड झालेली शेपटी, असे ‘लेपर्ड गेको’ या पालीचे रूप आहे. घरातल्या पालीसारख्या चिकट गाद्या तिच्या बोटांना नसल्याने ती भिंतीवर चढत नाही. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशात ती दगडांच्या फटीत दिवस काढते व सांजवेळी बाहेर पडते. सातपुड्यातून तिच्याच गोत्रातील एका नव्या जातीची नोंद २०१४ साली झाली. शांत स्वभावामुळे इंग्लंड-अमेरिकेत अनेक कुटुंबे तिला हौसेने पाळतात.

सोलापूरहून जाऊन लेस्टर येथे साड्यांचा व्यापार करणाऱ्या एका श्रावक कुटुंबापुढे या पालीने अवघड प्रश्न उभा केला. बारा वर्षांच्या नातवाचा वर्गमित्र गाव सोडणार होता आणि त्याची पाल काचपेटीसह मिळणार होती. पेटीच्या एका टोकाला सुमारे ३२ अंश ऊब हवी, कात टाकण्यासाठी ओलसर कोपरा हवा, ती पंधरा-वीस वर्षे जगू शकते, हे सारे नातवाने शिकून घेतले होते. एका जीवाला आसरा मिळेल, म्हणून थोरांचीही ना नव्हती.

अडचण अन्नाची निघाली. फळे, भाजी वा धान्य यांवर ही पाल जगत नाही. तिला रातकिडे लागतात, पिठात वाढणाऱ्या अळ्या लागतात, आणि तेही बहुधा जिवंत. ज्या घरात आजी पीठ चाळताना सापडलेली अळी अलगद बाहेर नेऊन सोडते, तेथे त्याच अळ्या डब्यात भरून विकत आणाव्या लागणार होत्या.

सुनेने सुचविले, मित्रांपैकी कोणी येऊन भरवील. आजोबांनी कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींचे स्मरण दिले. मग नातवालाच त्यांनी हिशोब मांडायला सांगितला. दिवसाआड सहा किडे धरले, तर वर्षाला सुमारे अकराशे आणि पंधरा वर्षांत साडेसोळा हजार. न भरवावे, तर अन्नपाननिरोध होतो. तत्त्वार्थसूत्राने अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत तो बंधाबरोबरच गणला आहे. म्हणजे पेटीत कोंडण्यात दोष, उपाशी ठेवण्यात दोष आणि भरवण्यात तर संकल्पी हिंसा. पाल आणू नये, असे ठरले.

नातू रडला नाही. वहीतल्या आकड्याकडे पाहत त्याने विचारले, “आजोबा, आपल्या दुकानातल्या एका रेशमी साडीला किती किडे लागतात?”

उत्तर घरात सर्वांना ठाऊक होते. धागा अखंड निघावा म्हणून कोष आतल्या जीवासह उकळत्या पाण्यात किंवा वाफेत घालतात. एका साडीमागे असे हजारो कोष जातात. उद्योगी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टळत नाही, या आधाराने आजोबांना उत्तर देता आले असते. परंतु सुती, कृत्रिम धाग्याच्या आणि कोषातून पतंग बाहेर पडल्यावर काढलेल्या अहिंसा रेशमाच्या साड्याही बाजारात असताना ती हिंसा अटळ म्हणणे त्यांच्या जिभेवर आले नाही.

मुलाने व्यवहार पुढे केला. लग्नसराईचा सर्वांत मोठा नफा शुद्ध रेशमावरच होता. दोन रात्री पिता-पुत्रांत बोलणे झाले, काही वेळा आवाजही चढला. अखेर शिल्लक माल विकावा, मात्र दिवाळीच्या नव्या मागणीत रेशीम घालू नये, असे ठरले. यादीतील ती ओळ आजोबांनी स्वतः खोडली. त्यापायी होणारी घट मुलाने समासात लिहून ठेवली. ती रक्कम लहान नव्हती.

पाल जवळच्याच दुसऱ्या मुलाच्या घरी गेली. तेथेही तिला रातकिडेच लागतात. नातू शनिवारी तिला पाहायला जातो, तिची पेटी पुसून देतो. भरवण्याची वेळ झाली की तो उठून घरी येतो. तसे करायला त्याला कोणीही सांगितलेले नाही.