पेन्सिलच्या रेघा

खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. "अरे, तुझ्या बाथरूममधून पाणी झिरपतंय बहुतेक. बघतोस का जरा?" कॉल म्यूट करून मी दोन मिनिटांत बघून आलो. नळ बंद, फरशी कोरडी. "माझ्याकडे तर सगळं ठीक आहे, काकू." टेस्टरलाही आम्ही हेच सांगतो.

पुढचे तीन महिने मी त्यांना जिन्यात टाळलं.

मग एकदा त्यांचं कुरिअर द्यायला खाली गेलो. पलंग हॉलमध्ये होता. बेडरूमच्या भिंतीवर ओल छतापासून खाली उतरत आली होती आणि जिथवर आली तिथे पेन्सिलची आडवी रेघ, पुढे तारीख. अशा नऊ रेघा. मी ऑफिसात एवढे व्यवस्थित लॉग ठेवत नाही. काकू काही बोलल्या नाहीत, चहा केला.

त्यानंतर शोध सुरू झाला. तीन दिवस मित्राकडे अंघोळ केली. रेघ हलली नाही, म्हणजे चोवीस तास पाणी असलेली नळाची पाइपलाइन निर्दोष. मग फरशी ओली न करता बादल्या थेट नहाणी ट्रॅपमध्ये ओतल्या. तरी काही नाही. शेवटी ट्रॅपला बोळा लावून फरशीवर दोन इंच पाणी साठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोटो आला. ओल रेघेच्या खाली.

म्हणजे पाणी टाइलच्या सांध्यांतून जात होतं. सांध्यांत व्हाइट सिमेंट होतं आणि दर रविवारी फरशी चकचकीत करायला मीच त्यावर ॲसिड ओतत होतो. ॲसिड सिमेंट खातं. हे मला शाळेपासून माहीत होतं.

गवंडीकाकांनी आधीच बजावलं, "टाइलखालचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर सगळं उखडावं लागेल. सांधे भरणं म्हणजे मलमपट्टी." मलमपट्टी तरी स्वतः करू म्हटलं. सांधे खरवडण्यात अख्खा शनिवार गेला. भिंतीजवळ पांढरी भुकटी निघाली, ट्रॅपभोवती काळा, वास मारणारा चिखल. मग पाच दिवस पंखा लावून सगळं वाळवलं, कारण ओल आत कोंडली तर वरचं काही धरत नाही. सांध्यांत एपॉक्सी भरलं. ते कालवलं की घाई करावी लागते, टाइलवर राहिलेलं लगेच पुसलं नाही तर कायमचं बसतं. एक डाग बसलाच. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉन. तिथे दोन्ही बाजू आपापल्या चालीने किंचित हलतात, कडक भरलेलं तडकतं. जुन्या सिलिकॉनला नवं चिकटत नाही, म्हणून ब्लेडने तेही सोललं. बोटं अजून सोलवटलेली आहेत.

भिंतीच्या रंगाचे पैसे मी देणार म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "पावसाळा जाऊ दे. मग बघू."

आता दर रविवारी खाली जातो. शेवटच्या रेघेपुढे चार तारखा झाल्यात, त्याखाली नवी रेघ नाही. पलंग अजून हॉलमध्येच आहे.