यजमान घरात आहेत का?

परगावी जाणाऱ्या माणसांचे दोन वर्ग असतात. एक टुरिस्ट आणि दुसरा बदली झालेला. दोघांच्याही हातात बॅग असते, दोघांनाही रस्ते ठाऊक नसतात आणि पहिल्या दिवशी बाजारात दोघेही सारखेच फसतात. पण घरमालक टुरिस्टला विचारतो, "कधी येताय?" आणि बदलीवाल्याला विचारतो, "कधी जाणार?" ह्या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत बँकेतल्या कारकुनाचा संसार बसतो. म्हणजे बसवावा लागतो.

माझी बदली मालवणला झाली तेव्हा अख्ख्या शाखेला माझा हेवा वाटला. "समुद्र, मासे, सोलकढी! मजा आहे बुवा!" हेडकॅशियर तर म्हणाले, "पगार कसला घेतोस? उलट तूच बँकेला काहीतरी दे." सौ.ने मात्र शांतपणे एवढेच विचारले, "राहायचं कुठं?" निसर्ग तिलाही आवडतो, पण तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून. आणि खिडकीसाठी आधी स्वयंपाकघर लागते.

घर शोधायला निघालो. घरांना तोटा नव्हता. दर दोन माडांमागे एक पाटी होती. 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय', 'एसी-नॉन एसी', 'सी व्ह्यू'. एके ठिकाणचा 'सी व्ह्यू' पाहण्यासाठी पाण्याच्या टाकीवर चढावे लागत होते. पण चढल्यावर समुद्र दिसला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

"घर आसा," पहिलेच काका म्हणाले. मला आनंद होतोय न होतोय तोच त्यांनी पुढचे वाक्य टाकले, "पण भाड्याक नाय. होमस्टे आसा."

मी कॉमर्सचा पदवीधर. ताळेबंद, नफा-तोटा, घसारा हे सगळे मी परीक्षेपुरते का होईना, पण शिकलेलो आहे. काकांनी मात्र माझ्या पदवीला बोटांवर चीत केले. "तुमचा म्हयन्याचा भाडा किती? सात हजार. टुरिस्ट एका रातीक अडीच हजार मोजता. तीन रातीत तुमचो म्हयनो भरलो! मग उरलेल्या सत्तावीस दिवसांचा मी काय करू?"

ह्याला उत्तर नव्हते. असते, तर मी कारकून राहिलो नसतो.

अखेर एक घर मिळाले. पडवीच्या पलीकडे मालक आणि काकी, अलीकडे आम्ही. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा करायची पद्धत आहे. आमच्या करारात ते अकरा महिने सलग नव्हते, इतकेच. पावसाळाभर घर आमचे, कारण तेव्हा समुद्र खवळलेला, बोटी बंद आणि टुरिस्ट आपापल्या घरी. दिवाळीत आठ दिवस, नाताळात आठ दिवस आणि मे महिना पूर्ण आम्ही कुठेतरी जायचे. कुठे, ते करारात नव्हते. सैबेरियातले पक्षी थंडीत उबेला येतात. आम्ही थंडी पडली की मेहुणीकडे कोल्हापूरला जातो.

अशाच एका नाताळात मेहुणीच्या दिवाणखान्यात चिरंजीव मोबाइल बघता बघता ओरडले, "बाबा, आपलं घर!" खरेच आपलेच घर होते. आमची लोणच्याची बरणी 'पारंपरिक कोकणी सजावट' म्हणून झळकत होती. सौ.ची तुळस 'शांत, आध्यात्मिक वातावरण' झाली होती. खाली कुणीतरी पाचपैकी पाच तारे देऊन लिहिले होते, 'लोणचे अप्रतिम.' सौ.ला राग यावा की आनंद व्हावा, हे पुढचे दोन दिवस ठरत नव्हते. तिच्या लोणच्याला घरात इतके तारे कधीच मिळाले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, मालक लबाड. अजिबात नाही. मुळात हा मनीऑर्डरीवर जगलेला मुलूख. बाप्ये मुंबईच्या गिरणीत, घरी म्हातारी माणसे, आणि चाकरमानी आला की गणपतीपुरते घर जागे. १९८२च्या संपानंतर गिरण्याच गेल्या, तशा मनीऑर्डरीही आटल्या. पुढे १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. नुसत्या जाहीर होण्याने काही पिकत नाही, पण हळूहळू लोक येऊ लागले, आणि परसदारच्या दोन खोल्यांना पहिल्यांदाच किंमत आली. आमच्या मालकांच्या डोळ्यांचे ऑपरेशन त्या दोन खोल्यांनी केले, मुलीचे नर्सिंगचे शिक्षण त्या दोन खोल्यांनी केले, आणि मुंबईत दहा बाय दहात राहणारा मुलगा परत गावात आला, तोही त्या दोन खोल्यांच्या जोरावर. हे मला पासबुकावरून कळलेले नाही. पासबुकातले आम्ही बाहेर बोलत नाही. काकींनी कांदे चिरताना सौ.ला सांगितले.

ही झाली जमेची बाजू. पण बँकेत चाळीस ओलांडलेल्या माणसाला नावेची बाजू पाहिल्याशिवाय झोप येत नाही.

आमच्या आळीत बारा घरे आहेत. सातांत रोज संध्याकाळी दिवा लागतो, पाचांत फक्त शनिवारी. त्या पाच घरांचे मालक पुण्या-मुंबईला असतात. दाराला आकड्यांचे कुलूप आहे, त्यामुळे किल्ली द्यायलादेखील माणूस लागत नाही. आणि ज्यांच्यावाचून गाव चालत नाही, ती माणसे? आमचा शिपाई रोज कुडाळहून एसटीने येतो. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर एका खोलीत तिघी राहतात. शाळेत नवीन आलेले गुरुजी दोन महिने घर शोधत होते, मग त्यांनी बदलीचाच अर्ज केला. टुरिस्टांसाठी वडे तळणाऱ्या बाईला टुरिस्टांच्या गावात खोली परवडत नाही.

परवाच्या जानेवारीत आळीतल्या एका आजोबांच्या रात्री छातीत दुखू लागले. आजी कंदील घेऊन शेजारची दारे ठोठावत गेल्या. शेजारची म्हणजे नेमकी ती कुलूपवाली. शनिवार होता, म्हणून एका दारातून चार तरुण बाहेर आले. फार भली पोरे. झोपेतून उठून त्यांनी आजोबांना उचलून गाडीत घातले. दवाखाना कुठे ते त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून मोबाइलला विचारले, आणि मोबाइलने त्यांना सरळ किल्ल्याच्या जेट्टीवर नेले. टुरिस्टाला मालवणात आणखी कुठे जायचे असणार? सुदैवाने एक कोळी जाळे घेऊन निघाला होता. तो पुढच्या सीटवर बसला आणि आजोबा वाचले. पोरांना नावे ठेवायला जागा नाही. ती भली होती. फक्त शेजारी नव्हती.

हे दुखणे एकट्या मालवणचे नाही. ह्या धंद्याला जगभर नाव देणारी एअरबीएनबी ही कंपनी मुळात घरभाडे परवडत नाही म्हणूनच जन्माला आली. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना भाडे झेपेना, तेव्हा त्यांनी आपल्याच घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे घेतले. आज कित्येक शहरांत भाडे का झेपत नाही, ह्या प्रश्नाच्या उत्तरात त्याच गाद्यांचे नाव येते. ॲमस्टरडॅमने घरमालकांना सांगितले, वर्षाला तीसच रात्री द्या. पॅरिसने १२० दिवसांची मर्यादा ९० वर आणण्याची वाट धरली. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ साली जाहीर केले, की टुरिस्टांना दिलेल्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने २०२८नंतर चालूच ठेवायचे नाहीत. आणि न्यूयॉर्कने २०२३च्या सप्टेंबरपासून जो नियम कडक केला, तो ऐकून तर आमच्या काकींनी मान डोलावली. तीस दिवसांपेक्षा कमी दिवसांचा पाहुणा घ्यायचा असेल तर दोनच घ्या, आणि यजमान स्वतः त्या घरात राहत असला पाहिजे. "मग? पावण्याक घरात घालून घरकारान खय जावचा?" काकी म्हणाल्या. न्यूयॉर्कच्या नगरपालिकेला जे कळायला इतकी वर्षे लागली, ते काकींना कांदे चिरताना कळले.

आमच्याकडेही हे शहाणपण कागदावर आहे. केंद्र सरकारच्या निवास व न्याहरी योजनेत एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा, आणि मालकाने कुटुंबासह तिथेच राहायचे, असे म्हटले आहे. पण ती मान्यता ज्याला हवी त्याने घ्यावी अशी. ज्याला नको, त्याच्यासाठी आकड्यांचे कुलूप आहेच. त्याहून गंमत पुढे आहे. १९४७च्या आपल्या मुंबई भाडे कायद्याच्या नावातच 'हॉटेल आणि लॉजिंग हाऊसचे दर' असे शब्द होते. भाड्याची खोली आणि लॉजची खोली ह्या सख्ख्या बहिणी आहेत, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होते. १९९९चा नवा कायदा आला तेव्हा नावातले हॉटेल गेले. गावात मात्र आले.

आपली भाषा ह्या बाबतीत फार चोख आहे. ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. आता त्याची तिथीच काय, सकाळी दहाची चेक-आउटची वेळसुद्धा ठरलेली असते, म्हणजे अतिथी तर गेलाच. निदान यजमान तरी राहू द्यावा! ज्या घरात यजमान राहतो, चूल पेटते, त्या घराने दोन खोल्या खुशाल द्याव्यात. त्यावर त्यांची ऑपरेशने होतात, मुली शिकतात. ज्या घरात कुणीच राहत नाही, ते घर नव्हे, हॉटेल. त्याने हॉटेलसारखा परवाना घ्यावा, हॉटेलसारखा कर भरावा, आणि एका आळीत अशी किती चालतील ते नगरपरिषदेने ठरवावे. त्यातली दोन-तीन जरी भाड्याने निघाली, तरी तिघी सिस्टरना तीन खोल्या मिळतील आणि पुढचे गुरुजी अर्ज मागे घेतील.

ह्या नियमाने माझा स्वतःचा एक पैचा फायदा नाही, हेही नमूद करतो. आमचे यजमान घरातच असतात, तेव्हा मे महिन्यात बरणी तिथे ठेवून आम्ही कोल्हापूरला जाणारच.

आणि तपासणी करायला मोठे खाते नको, समिती नको, मोबाइल तर नकोच. नगरपरिषदेच्या माणसाने कुठल्याही साध्या मंगळवारी दिवेलागणीला जाऊन दार वाजवावे. आतून "कोण आसा?" असा आवाज आला, तर ते घर. नाही आला, तर वहीत हॉटेल म्हणून लिहावे आणि पुढच्या दारी जावे.