सैतानाच्या पंगतीला

सैतानाला जेवताना पाहायला माणसे तिकीट काढून जातात, असे मला पुण्यात कुणी सांगितले असते तर माझा विश्वास बसला नसता. पण लॉन्सेस्टनला भाचीकडे राहायला गेले आणि तिसऱ्याच दिवशी जावईबापूंनी जाहीर केले, "मावशी, शनिवारी तुम्हांला सैतान दाखवायचा."

लॉन्सेस्टन हे टास्मानिया बेटावरचे शहर. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, बासची सामुद्रधुनी ओलांडली की हे बेट लागते. आकाराने महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहूनही लहान. 'टास्मानियन डेव्हिल' रानात मोकळा फिरतो तो आता एवढ्या या बेटावरच. मुख्य भूमीवरून तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. कांगारूप्रमाणे हाही पिशवीवाला. पण कांगारू गवत खातो आणि हा मांस. मांसाहारी पिशवीवाल्यांत आज याच्याहून मोठा जगात दुसरा नाही.

नोव्हेंबर महिना, म्हणजे तिकडचा वसंत. दुपारी मोटारीने क्रेडल पर्वताकडे निघालो. शेफील्ड गाव मागे टाकले, चढ लागला आणि एका वळणावर जावईबापूंनी गाडी एकदम बाजूला घेतली. रस्त्यात एक वॉलबी, म्हणजे कांगारूची धाकटी बहीण, मरून पडली होती. त्यांनी हातमोजे चढवले, तिच्या पोटाच्या पिशवीत चाचपून पाहिले आणि शेपटीला धरून तिला फरफटत पार झाडीत नेऊन टाकले. मी पदर नाकाला लावून बसले होते.

"अहो, एवढे शिकलात ते मेलेली जनावरे ओढायला?" न राहवून मी म्हणाले.

"परतताना सांगतो," ते म्हणाले. भाची नुसती हसली.

पर्वताच्या पायथ्याशी या प्राण्यांसाठी राखलेले एक अभयारण्य आहे. दिवेलागणीला आम्ही पंधरावीस जण कुंपणापाशी उभे राहिलो. रखवालीच्या मुलीने मांसाचे एक तंगडे आत टाकले आणि झुडपातून साक्षात सैतान बाहेर आला. माझी तर निराशाच झाली! लहानशा कुत्र्याएवढा, काळाकुळकुळीत, छातीवर पांढरा पट्टा, जणू जानवेच. मागचे पाय आखूड, म्हणून चाल दुडकी. वजन सातआठ किलो. थोराड नराचे बाराच्या आसपास.

मग दुसरा आला, तिसरा आला, आणि जो काही कल्लोळ उठला! आधी गुरगुर, मग खोकल्यासारखा आवाज, आणि मग अशी किंकाळी की शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात घट्ट धरला. जबडा इतका उघडतो की आतले दात मोजून घ्यावेत. रागाने कान लालबुंद होतात. तिघे एकच तंगडे तीन बाजूंनी ओढू लागले. हाडे कडाकडा फुटत होती. केस, कातडी, हाड, पानात काही म्हणून टाकले नाही. भुकेला सैतान अर्ध्या तासात स्वतःच्या वजनाच्या ४० टक्के अन्न खाऊ शकतो. लग्नात जिलब्यांची पैज लावणारे मी पाहिले आहेत, पण हा त्यांचाही आजोबा!

अंधाऱ्या रानात हीच किंकाळी ऐकून गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याला सैतान ठरवले. होबार्टच्या पहिल्या वसाहतीत जॉर्ज हॅरिस नावाचा मोजणी अधिकारी होता. त्याने याची एक जोडी रिकाम्या पिपात साखळीने बांधून ठेवली, आणि वर लिहून ठेवले की अंधार पडला की ही दोघे सारखी भांडतात. पिपात एकत्र बांधल्यावर कोणती जोडी भांडणार नाही? पुढे होबार्टच्याच मेरी रॉबर्ट्स या बाईंनी आपल्या खाजगी प्राणिसंग्रहालयात हे प्राणी पाळले, त्यांची पिल्ले वाढवली आणि १९१५ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांच्याबद्दल मायेने लिहिले. पण नाव पडले ते पडलेच. सापळे आणि विष चालूच राहिले. १९४१ साली कायद्याने अभय मिळाले. त्याआधी पाच वर्षे टास्मानियाचा पट्टेवाला 'वाघ', तोही पिशवीवालाच, होबार्टच्या पिंजऱ्यात मेला होता. त्यानंतर तो कुणाच्या हाती लागलेला नाही.

"हे भांडण नव्हे," रखवालीची मुलगी सांगत होती. "एरवी हा एकटा राहतो. मेलेल्या जनावरावर चारसहा जमले, की आधी कोण, मग कोण, हे ओरडून ठरवतात. ओरडण्यावर भागले तर चावायची वेळ येत नाही."

पण कधी येते. जेवताना आणि विणीच्या हंगामात ते एकमेकांच्या तोंडाला चावतात, आणि त्या चाव्यातूनच त्यांच्यावर मरण आले.

१९९६ साली बेटाच्या ईशान्येला एका सैतानाच्या तोंडावर गाठी दिसल्या. तो कर्करोग निघाला, पण न्यारा! माणसाचा कर्करोग ज्याचा त्याच्यापाशी राहतो. इथे रोगाची पेशीच एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या जखमेत जाते आणि तिथे रुजते. हापूसचे कलम बांधावे तशी. या पेशी मुळात एकाच मादीच्या शरीरातल्या. ती केव्हाच मेली. तिची गाठ मात्र हजारो तोंडांतून फिरत अजून जिवंत आहे. परकी पेशी दिसली की शरीर तिला मारते, पण या पेशी स्वतःची ओळखच लपवतात. गाठी वाढल्या की खाता येत नाही, आणि बहुतेक जनावरे काही महिन्यांत मरतात. जिथे रोग पसरला त्या पुष्कळ भागांत संख्या ८० टक्क्यांपर्यंत घटली. २०१४ साली दक्षिणेकडे अशाच जातीचा पण दुसराच रोग सापडला.

आपल्याला वाटावे, ज्याला जास्त चावे बसतात तो आधी आजारी पडेल. संशोधकांना उलटेच आढळले. ज्याच्या अंगावर चावे कमी, तोच जास्त आजारी पडतो. तो चावणारा असतो ना! समोरच्याच्या गाठीवरच त्याचे दात पडतात. पंगतीत पहिल्या पाटावर बसणाऱ्याच्या वाट्याला हे पान!

एक मादी लवकर उठून गेली. तिची पिल्ले बिळात होती. २१ दिवसांच्या गर्भारपणानंतर सैतानीण वीस ते चाळीस पिल्लांना जन्म देते, एकेक तांदळाच्या दाण्याएवढे. आणि पिशवीत आचळे किती? चार! वळवळत आधी पोचतील ती जगतील, बाकीची गेली. पूर्वी मादी दुसऱ्या वर्षी आई व्हायची. आता रोगट भागात पुष्कळ जणी पहिल्याच वर्षी होतात. मोठी मेल्यामुळे उरलेल्यांना अन्न भरपूर मिळते आणि त्या लवकर वाढतात. मला हे ऐकून बरे वाटावे की वाईट, कळेना.

माणसे हातपाय हलवताहेत. निरोगी जनावरे वेगळी राखली आहेत. २०१२ साली काही मारिया बेटावर नेऊन सोडली. ती छान रुळली, पण तिथल्या चिमुकल्या पेंग्विनांच्या सुमारे तीन हजार जोड्यांची वसाहत संपली. एकाला वाचवताना दुसऱ्याचे हे असे झाले. रानात मात्र थोडी जनावरे आपोआप बरी होताना दिसली आहेत.

परत निघालो तेव्हा चांगलाच अंधार होता. जावईबापू सावकाश गाडी हाकत होते.

"मावशी, रस्त्यावर मेलेले जनावर म्हणजे सैतानासाठी वाढलेले पान," ते म्हणाले. "तो काळा, रस्ता काळा, आणि जेवायला बसला की त्याला मोटारीचे भान नाही. रोगातून वाचलेला गाडीखाली जातो. म्हणून पान चार पावले आत मांडायचे, एवढेच. पिशवीत एखादे पिल्लू जिवंत असते, म्हणून आधी तेही बघायचे."

मी काही बोलले नाही. मैलभर गेलो असू, तोच दिव्यांच्या उजेडात आणखी एक वॉलबी आडवी पडलेली दिसली. ही मोठी होती. जावईबापू हातमोजे चढवून उतरले. मागोमाग मीही बॅटरी घेऊन उतरले.

"तुम्ही कशाला मावशी? थंडी आहे."

पिशवी रिकामी होती. जनावर एकट्याला ओढवेना, तेव्हा बॅटरी भाचीच्या हाती दिली, पदर खोचला आणि मागचे पाय धरले. झाडीत नेऊन ठेवले. गाडीचे दिवे मालवून पाच मिनिटे थांबलो. कुणी आले नाही.

"कोट काढून डिकीत टाक गं मावशी," भाची म्हणाली, आणि आम्ही निघालो.