खेळाची पदवी घेताना आम्ही काय पाहिले

आमची थोरली कबड्डी खेळते. बी.ए. झाल्यावर तिने बी.पी.एड. करायचे ठरवले, तेव्हा भावकीत कुजबूज झाली. शिकूनसवरून पुन्हा मैदानातच जायचे काय? आम्ही नवराबायको, एक भाड्याची रिक्षा चालवतो, एक चार घरची धुणीभांडी करते. धाकटा बारावीला आहे. एकीवर पैसा उडाला तर दुसऱ्याचे शिक्षण अडते, हे आम्हांला कुणी सांगायला नको.

त्यातच एक एजंट घरी आला. स्पोर्ट्स मॅनेजमेंटचे गुळगुळीत माहितीपत्रक, फी लाखांत, आणि कर्जाची सोयही तोच करणार! नोकरीची हमी लेखी द्या म्हटल्यावर गप्प झाला. आम्ही चहा दिला आणि वाटेला लावले.

बी.पी.एड. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. सीईटीत लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही असते. कॉलेजला एन.सी.टी.ई.ची मान्यता हवीच, नाहीतर ती पदवी शिक्षकाच्या नोकरीला चालत नाही. आणि वाचकहो, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रवेश सरकारी फेरीतूनच घ्यावा. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले तर अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते. पण मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ती गेलीच. 'सीट पक्की करून देतो' म्हणणारे हे कधी सांगत नाहीत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार. मात्र पैसे वेळेवर येतीलच असे धरू नये. आम्ही पहिल्या चार महिन्यांच्या खानावळीची तजवीज भिशीतून केली.

पुढे काय, हेही तिच्याकडूनच समजून घेतले. नववी-दहावीला शिकवायला ही पदवी चालते. एम.पी.एड. करून नेट किंवा सेट झाली तर कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक होता येते. प्रशिक्षक व्हायचे तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, १९६१ पासूनची. शिक्षकभरती रखडते हे खरे. पोरगी म्हणते, तोवर क्लबात मुलांना शिकवीन. सरकारी नोकऱ्यांतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण मात्र पदवीवर नाही, स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळते; म्हणून प्रमाणपत्रे जपावीत, खेळ सोडू नये.

खरी दमछाक झाली ती जात वैधतेच्या कागदांनी. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, पण पुरावा मागतात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. आमच्या दाखल्यांवर 'बौद्ध' एवढेच लिहिलेले. शेवटी तिचा बाप रिक्षा दोन दिवस बंद ठेवून गावी गेला. शाळेच्या जुन्या रजिस्टरात आजोबांचे नाव सापडले, १९४३ सालची नोंद. चौथीपर्यंतच शिकले होते. मुख्याध्यापकांनी उतारा दिला, त्याच्या पाच झेरॉक्स काढून आणल्या. आता रोज पहाटे पाचला ती गोळाफेकीच्या सरावाला जाते, आणि आम्ही कागद पुन्हा एकदा तपासतो.