थंडावा विकत घेण्याआधी

नाशिककरांना थंडी कुणी शिकवायला नको. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा द्राक्ष बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून घड वाचवतात. इकडे पंचवटीत आम्ही फजरच्या वुजूसाठी नळ सोडतो, तेव्हा पहिल्या ओंजळीलाच बोटे बधिर होतात. ज्या थंडीपासून माणसे पूर्वापार अंग राखत आली, ती आता पैसे मोजून घेतली जाते. बर्फाच्या टबात बसणे, चेहऱ्यावर बर्फ फिरवणे, उणे शंभर अंशांहून थंड कक्षात दोन-तीन मिनिटे उभे राहणे, या साऱ्याला ‘क्रायोथेरपी’ असे भारदस्त नाव मिळाले आहे.

आमच्या घरात हा विषय एकाच महिन्यात तीन वाटांनी आला. धाकटा भाऊ हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात धावण्याचा सराव करतो, त्याला बर्फाचा टब हवा होता. आपाचे लग्न ठरले होते, तिला पार्लरने ‘आइस फेशियल’ सुचवले. आणि अब्बांच्या गुडघेदुखीवर शहरातल्या एका केंद्राने दहा बैठकांचे पॅकेज सांगितले. तिघांसाठी उत्तर एकच निघाले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी धाकट्याचे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. आमच्याकडच्या धावणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी आजही त्यांचे नाव असते. सराव कठोर झाला की दुसऱ्या दिवशी पोटऱ्या-मांड्या भरून येतात. थंडीने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मज्जातंतूंतून वेदनेचा निरोप सावकाश जातो, म्हणून दुखणे कमी वाटते. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात १७ लहान चाचण्या आणि ३६६ माणसे एकत्र तपासली गेली. व्यायामानंतर थंड पाण्यात बसल्याने अंगदुखी कमी होते, असे त्यात दिसले. पण २०१५ मधल्या एका अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. बारा आठवडे वजने उचलून दर वेळी थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू इतरांपेक्षा कमी वाढले. म्हणजे लागोपाठ दोन दिवस शर्यती असतील तर थंड पाणी कामाचे, ताकद वाढवण्याच्या दिवसांत मात्र रोजचा टब नुकसानीचा. धाकट्याने टबाचा हट्ट सोडला. शर्यतीनंतर मोठ्या पिंपात दहा-पंधरा अंशांचे पाणी घेऊन तो दहा मिनिटे पाय बुडवतो.

पाय मुरगळला की बर्फ, हा सल्लाही आता पूर्वीसारखा सरसकट राहिलेला नाही. अमेरिकेचे डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र दिले. पुढे त्यांनीच सांगितले की बर्फामुळे जखम भरून येणे लांबू शकते, कारण सूज हा दुरुस्तीचाच एक भाग आहे. म्हणून सुरुवातीच्या काही तासांत, वेदना कमी करण्यापुरता, कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे बर्फ लावावा.

आपाचे प्रकरण सोपे होते. बर्फाने डोळ्यांखालची सूज आणि लाली थोडा वेळ उतरते, त्वचा घट्ट वाटते, इतकेच. मलमलीच्या कापडात बर्फ धरून घरीच ते होते. थेट लावला तर त्वचा भाजल्यासारखी होते. पार्लरने पुढे ‘चरबी गोठवण्या’चीही गोष्ट काढली. ही कल्पना मजेशीर ठिकाणाहून आली. बर्फाची कांडी चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालातली चरबी दुखावते, असे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. त्यावरून पुढे यंत्र तयार झाले आणि २०१० मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पण त्याने वजन उतरत नाही, आणि काहींची चरबी उलट कडक होऊन वाढते. प्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ मध्ये स्वतःचा असा अनुभव जाहीर केला. आपाने ते पैसे दहेजात नाही, स्वतःच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवले.

राहिले अब्बा. त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे आणि तळपायांची जाणीव कमी झालेली आहे. केंद्रात हे कुणी विचारलेच नाही. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत थंड पॅक बांधले. “काका, काही त्रास?” असे विचारले, अब्बा “नाही बेटा” म्हणाले. ते खरेच बोलत होते, कारण त्रास कळवणाऱ्या मज्जातंतूच दुबळ्या झाल्या होत्या. संध्याकाळी अम्मीने मोजा काढला तेव्हा घोट्यावर रुपयाएवढा फोड होता. तो भरायला सहा आठवडे लागले, आणि ते सहा आठवडे आमच्या घरात पाय हा एकच विषय होता. मधुमेहात अशी छोटी जखम चिघळली तर गोष्ट पाय गमावण्यापर्यंत जाते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. केंद्राचे म्हणणे होते, आजार आधी सांगायला हवा होता. आमचे म्हणणे, विचारणे हे तुमचे काम.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, थंडीचा कोणताही उपचार घेताना तुमची साखर, रक्तदाब, हृदय आणि हातापायांची बधिरता विचारली जाते का, ते पाहा. विचारत नसतील तर उठून या. अतिथंड कक्षाविषयी तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सांगितले की अशा एकाही यंत्राला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्याआधी २०१५ मध्ये लास व्हेगासमध्ये अशाच कक्षात एकटी गेलेली तरुण कर्मचारी प्राणवायू कमी पडून दगावली होती.

स्वयंपाकघरासाठीही एक गोष्ट. ईदच्या गडबडीत हात भाजला, तर बर्फ लावू नका. नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे हात धरा.

अब्बांना आता फिजिओथेरपिस्टने मांडीचे व्यायाम शिकवले आहेत. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहापर्यंत मोजायचे, खाली ठेवायचा. असरनंतर ते रोज करतात. त्यानंतर अम्मी चष्मा लावून त्यांचे दोन्ही तळपाय उजेडात तपासते.