सडा आणि खाडी

कोकणच्या किनाऱ्याने सायकलवरून दक्षिणेकडे निघायचं, तर सपाट रस्त्याची आशा रेवदंड्यालाच सोडावी. सह्याद्रीचा माथा इथून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. तेवढ्याशा अंतरात नद्या डोंगर उतरून येतात आणि समुद्र जवळ आला की रुंद खाड्या होऊन भरती-ओहोटीच्या स्वाधीन होतात. दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. रस्ता सड्यावरून खाडीत उतरतो, खाडीतून पुन्हा सड्यावर चढतो. मोटारीतून जाणाऱ्याला ही जमीन दिसते. सायकलवर ती मांड्यांना आणि छातीतल्या श्वासाला कळते.

मार्चचे दिवस होते. ऊन तापायच्या आत जास्तीत जास्त वाट कापायची म्हणून आम्ही मित्र अंधारातच निघायचो. चढ लागला की बोलणं आपोआप थांबायचं. मग नुसती चेनची कुरकुर, काजूच्या मोहोराचा वास आणि कुठेतरी रस्त्याकडेला फुललेली उक्षी. चढावर आमचा वेग पायी चालणाऱ्याइतका, त्यामुळे प्रत्येक झाडाशी ओळख व्हायला वेळ मिळे.

बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडली. हिचा आणि कृष्णेचा उगम एकच, महाबळेश्वर. पण कृष्णा पूर्वेला अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते आणि ही इथे, दोन दिवसांच्या चालीवर, अरबी समुद्राला. पलीकडे वेळास. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या साथीने ती राखली. उजाडताना घरट्यावरची टोपली अलगद उचलली गेली आणि तळहातापेक्षा लहान पिल्लं पाण्याकडे निघाली. त्यांना वाट कुणी दाखवली नाही. एक लाट आली, आणि आमच्यातला सर्वांत बोलका गडी चपला काढून हात जोडून उभा राहिला.

पुढे दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री ओलांडली. रत्नागिरी, पावस मागे टाकून कशेळीच्या सड्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलेलं होतं. वाळलं गवत, काळपट कातळ, सावलीला झुडूप नाही. आणि त्या कातळात कोरलेला भलाथोरला हत्ती! त्याच्या आकारात आणखी कितीतरी प्राणी. कुणी कोरले, नक्की कधी, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. अशी कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. माझ्या मनात मात्र कोरणाऱ्याचे हात राहिले. एवढ्या उघड्या जागेवर त्याला कोरावंसं वाटलं, म्हणजे ही जागा त्याला रिकामी वाटली नव्हती.

ती रिकामी नाहीच. पावसाळ्यात याच कातळावर बोटभर मातीत फुलांचे गालिचे पसरतात. जांभा सच्छिद्र, पडलेलं पाणी तो पोटात घेतो आणि सावकाश खाली सोडतो. खाडीच्या उतारावर, कातळ संपतो तिथे, पन्हळीतून झुळझुळणाऱ्या झऱ्यावर आम्ही बाटल्या भरल्या. मार्चमध्येही ते पाणी गार होतं. वर सड्यावर चटके सोसून आलेल्या आम्हाला ते पाणी कुठून आलं हे वेगळं सांगावं लागलं नाही. खालच्या विहिरी आणि पोफळीच्या बागा याच पाण्यावर उभ्या आहेत.

विजयदुर्ग, देवगड, मालवण झालं. वेंगुर्ल्याच्या पुढे आरवली-शिरोड्याकडे जाताना वास आधी आला, झाड नंतर दिसलं. सुरंगी! जुन्या फांद्यांना लगडलेल्या कळ्या, मधमाश्यांचा गुंजारव, आणि खाली वळेसर गुंफत बसलेली एक आजी. कळ्या कशा काढता, विचारलं. ‘‘झाडार चडाच्या आदी तेच्या पाया पडाक होया,’’ ती म्हणाली आणि पुन्हा दोऱ्यात कळी ओवू लागली. तो वळेसर हँडलला बांधला. सुकला तरी त्याचा वास रेडीपर्यंत सोबत होता.

तुम्हीही जा. मार्चमध्ये, सावकाश, मित्रांसोबत जा. रात्री वेळासच्या वाळूत विजेरी पाजळू नका, कातळशिल्पांवर पाय देऊ नका. आणि सरकारी दप्तरात सड्याला पडीक, पोटखराबा म्हणून मोकळे होणाऱ्यांना, चिऱ्यासाठी तो खणून काढणाऱ्यांना एवढं जरूर सांगा, की खालच्या गावाची विहीर या सड्यावर भरते.