उमरेड ते ब्रह्मपुरी : जुन्या ओम्नीतला संसार

आमच्या दारात एक पांढरी ओम्नी उभी असते. तिला पांढरी म्हणायचे ते सवयीने. उमरेडला राहणाऱ्यांना सांगायला नको, इथे कोळशाचे ट्रक दिवसरात्र जातात आणि पांढरे काही पांढरे राहत नाही. गाडी १९९९ सालची. अब्बांनी ती २००६ मध्ये सेकंड हँड घेतली, खाणीतल्या नोकरीच्या पैशातून. २०२० मध्ये अब्बा गेले, गाडी राहिली.

आता शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, २०२१ पासून त्याची चर्चा ऐकू येते. बिछाना, स्वयंपाकघर, न्हाणीघर असलेल्या मोठ्या गाड्यांचे फोटो लोक हौसेने दाखवतात. आमची गाडी त्यातली नाही. पण गेली बारा-तेरा वर्षे आम्ही तिच्यात झोपलो आहोत, चहा प्यायलो आहोत, मुलीला लहानाची मोठी केली आहे. ओम्नीची लांबी जेमतेम ३.३७ मीटर आणि रुंदी १.४१ मीटर. तेवढ्यात घर कसे मावते, असे पाहुणे विचारतात. उत्तर एकच, अम्मींसाठी मावते.

अम्मींच्या कमरेचे दुखणे जुने. एसटीत किंवा साध्या कारमध्ये तासभर बसल्या की त्यांना उतरवताना दोघांनी धरावे लागते. त्यांचे माहेर ब्रह्मपुरीला. पूर्वी नागपूर-नागभीड छोट्या लाईनची गाडी उमरेडवरून जायची. शंभराहून अधिक वर्षे ती चालली. सावकाश जायची, पण बाकावर आडवे होता यायचे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ती लाईन मोठी करण्यासाठी बंद झाली. त्याआधीच अब्बांनी तोड काढली होती. मागची आसने पाडून त्यांवर बसेल अशी साडेपाच फुटांची प्लायवूडची फळी सुताराकडून करून घेतली, तिला खालून घडीचे पाय लावले, वर कापसाची गादी. अम्मींची उंची पाच फूट, त्यांना फळी पुरते. गाडीत कुठेही छिद्र पाडले नाही, कागदावर जेवढी आसने आहेत तेवढी जागेवर राहिली. अब्बा म्हणायचे, "कायद्याने गाडीचा मूळ साचा बदलायचा नसतो. फळी काय, आज ठेवली, उद्या काढली."

फळीखाली दोन प्लास्टिकच्या पेट्या. एकीत भांडी आणि छोटा स्टोव्ह, दुसरीत चादरी, औषधे, जानमाज. मागच्या दाराशी नळ लावलेला वीस लिटरचा कॅन. वुजूला, चहाला, तोंड धुवायला एवढे पाणी दिवसभर पुरते, हात आवरता ठेवला तर. एवढाच आमचा फिरता संसार.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हाला शरम वाटते, पण सांगितली पाहिजे.

डिसेंबर २०२३ मध्ये नात्यातल्या एका लग्नाला भंडारा जिल्ह्यात गेलो होतो. घर पाहुण्यांनी भरलेले. अम्मी म्हणाल्या, "मला माझी फळीच बरी." अम्मी आणि आमची मुलगी गाडीत झोपल्या. थंडी कडाक्याची होती. म्हणून आम्हीच, आमच्या हाताने, निखाऱ्यांची छोटी सिगडी गाडीत पुढच्या बाजूला ठेवली आणि काचा वर केल्या. धूर तर नव्हता, निखारे लाल झालेले होते. आम्हाला वाटले, आता ऊब राहील.

फजरच्या वेळी उठवायला गेलो तर मुलगी उठेना. हलवले तेव्हा तिला उलटी झाली. अम्मी डोळे उघडत होत्या, पण बोलणे जड झाले होते. सगळी दारे उघडली, दोघींना अंगणात आणले, लगेच दवाखान्यात नेले. ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत दोघी सावध झाल्या, अल्लाहचा लाख लाख शुक्र.

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावले. धूर दिसत नसला तरी जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी पटीने घट्ट चिकटतो, मग रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, झोप येते. माणसाला वाटते थकवा आहे, आणि तो झोपून जातो. बंद खोलीत, बंद गाडीत शेगडी, सिगडी, स्टोव्ह, काहीही पेटते ठेवायचे नाही. एक काच बोटभर खाली ठेवली तरी भरवसा नाही.

हे ऐकताना अम्मी हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, डोकं तर मला या गाडीत नेहमीच दुखतं. मला गाडी लागते ना."

डॉक्टर थांबले. त्यांनी विचारले, "गाडी चालू असताना? की उभी असताना?"

"चालताना. मागे पडून असते तेव्हा जास्त."

"मग गाडी मिस्त्रीला दाखवा. आधी गाडी, नंतर गोळ्या."

घरी आल्यावर भाईजानने सरळ सांगितले, "आता ही भंगारात द्या. पंचवीस वर्षांची झाली. अब्बांची आठवण आहे हे कबूल, पण आठवणीपायी अम्मीचा जीव घेणार का?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. भंगारवाल्याने १८ हजार सांगितले. शिवाय गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरणही जवळ आले होते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. आमची २०१४ आणि २०१९ मध्ये झाली, २०२४ ची पाळी होती. विकायला निमित्त पुरेसे होते.

अम्मी मात्र म्हणाल्या, "विकायची तर विका. पण आधी तिला काय झालंय ते तर पाहा. माणूस आजारी पडला तर आपण आधी कबरस्तानात नेतो का?"

मग गाडी उस्तादांकडे नेली. हे आमचे जुने मिस्त्री, अब्बांच्या वेळेपासूनचे. त्यांनी काही उघडण्याआधी एक ओला फडका सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबून धरला आणि कान लावायला सांगितले. गाडीच्या पोटातून, पुढच्या आसनांच्या मागे, फुसफुस आवाज आला. "ऐकलं भाऊ? धूर शेवटपर्यंत जाऊनच नाही राहिला. जोडावरच गळून राहिला."

नंतर त्यांनी फळी काढली, रबरी मॅट उचलली. अंधार होईपर्यंत थांबलो आणि गाडीखाली बॅटरी पेटवून ठेवली. आत बसून पाहिले तर तळाच्या पत्र्यात तीन ठिकाणी उजेडाचे ठिपके दिसले. एक तर बोट जाईल एवढे भोक, अगदी अम्मींच्या उशीखाली.

ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. धुराची नळी तिथून तळाखालून मागे जाते. जोडावरचे गॅस्केट फाटले, वरचा पत्रा सडला, की धूर सरळ आत. तिसरा दोष मागच्या दाराचा. त्याचे रबर, ज्याला गॅरेजवाले बीडिंग म्हणतात, ते कडक होऊन चिरले होते. गाडी वेगात असताना तिच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि नळीतून निघालेला धूर फटीतून परत आत ओढला जातो. उस्तादांनी दारात कागदाची पट्टी धरून दार लावले आणि पट्टी ओढली, ती अलगद बाहेर आली. "बीडिंग चांगलं असतं तर पट्टी फाटली असती."

आम्ही म्हणालो, "पण उस्ताद, पीयूसी दरवेळी पास होते!"

ते हसले. "पीयूसीची मशीन नळीच्या टोकाचा धूर मोजते भाऊ. रस्त्यात गळते तो थोडीच मोजते."

म्हणजे सिगडीची एक रात्र ही आमची मोठी चूक होती, पण छोटी चूक कित्येक वर्षे चालू होती. अम्मी "गाडी लागते" म्हणायच्या आणि आम्ही त्यांना आवळा सुपारी द्यायचो.

पत्रा का सडला? त्यालाही आम्हीच जबाबदार. दाराखालच्या पोकळ पट्टीला पाणी निघून जायला बारीक छिद्रे असतात. उमरेडच्या धुळीने ती बुजली होती. पावसाचे पाणी आत साचत गेले. वर आमचा वीस लिटरचा कॅन, त्याचा नळ ठिबकायचा आणि पाणी मॅटखाली मुरायचे. वरून मॅट चकाचक, खालून पत्रा पापडासारखा. आम्ही गाडी धूत होतो, पण मॅट कधी उचलली नव्हती.

उस्तादांनी हिशेब सांगितला तो भंगाराच्या भावापेक्षा जास्त होता. रात्री घरी बसून चर्चा झाली. नवीन मोठी गाडी आमच्या ऐपतीत नाही. ओम्नी २०१९ मध्येच बनायची बंद झाली, सुरक्षेचे नवे नियम आले आणि ती त्यात बसली नाही. भाईजानचे म्हणणे त्या बाबतीत खरेच होते, या गाडीत टक्कर सोसायची ताकद कमी आहे, चालवणाऱ्याचे गुडघे थेट पुढच्या पत्र्याशी असतात. शेवटी ठरले ते असे. दुरुस्ती करायची, पण तीन अटींवर. ताशी ५० च्या वर जायचे नाही. रात्री चालवायची नाही. आणि उस्तादांनी तळ पास केला नाही तर फळी तेवढी घरात ठेवून गाडी विकायची. भाईजान म्हणाला, "मग मी सोबत येऊन पाहीन." आम्हाला तेच हवे होते.

काम जानेवारीभर चालले. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढली, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवली; ही काळजी न घेतल्याने गाड्या पेटतात. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, घासून रेड ऑक्साइड मारला, खालून डांबरी थर दिला. धुराच्या नळीचा पुढचा तुकडा आणि गॅस्केट नवे. सामानाची अडचण आली नाही, कारण मारुती ८०० ला हेच इंजिन होते आणि तिचे सुटे भाग अजून मिळतात. मागच्या दाराचे बीडिंग बदलले. सरकत्या दाराच्या पट्टीत ग्रीस आणि धूळ मिळून दगड झाला होता, तो रॉकेलने धुऊन काढला.

पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, जुने रबर त्याने फुगते, चिरते. मागच्या मे महिन्यात भिवापूरजवळ गाडी भर उन्हात बंद पडली होती. तेव्हा उस्तादांनी फोनवर सांगितले होते की उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंपावर ओले कापड टाका आणि अर्धा तास थांबा. तसे केले आणि गाडी सुरू झाली. नळ्या बदलताना त्या इंजिनच्या गरम भागापासून दूर बांधून घेतल्या.

टायरचा धडा भाईजानने दिला. नक्षी चांगली होती म्हणून आम्ही निश्चिंत होतो. त्याने टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले, २३१४. म्हणजे २०१४ सालातला तेविसावा आठवडा. गाडी उभीच जास्त असते, टायर झिजत नाही, पण रबर म्हातारे होते. चारही टायर नवे घेतले.

फेब्रुवारीत गाडी आरटीओच्या तपासणीत पास झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, रमजान लागण्याआधी, आम्ही ब्रह्मपुरीला निघालो. अम्मींच्या मोठ्या बहिणीची तब्येत खालावली होती आणि अम्मींनी तिला दोन वर्षांत पाहिले नव्हते.

फजर पढून निघालो. उमरेड सोडल्यावर रस्त्याच्या कडेला पळसाची लाल फुले होती. कऱ्हांडल्याच्या जंगलाचा भाग आला तेव्हा मुलीने नेहमीप्रमाणे जयची आठवण काढली. २०१६ मध्ये बेपत्ता झालेला तो वाघ इथल्या मुलांसाठी अजून जिवंत आहे. भिवापूरला अंगणांत मिरच्या वाळत पडल्या होत्या. चहासाठी गाडी झाडाखाली लावली आणि स्टोव्ह खाली उतरवून मोकळ्या जागेत पेटवला. आता तो गाडीच्या आत कधीच पेटत नाही.

नागभीड मागे पडले. भाईजान पुढे बसला होता, दर थोड्या वेळाने मागे वळून विचारायचा, "अम्मी, डोकं?"

"अरे, झोपू देशील का मला?" अम्मी म्हणाल्या.

ब्रह्मपुरीला त्या स्वतः उतरल्या. आत खालाजान खाटेवर होत्या. दोघी बहिणी संध्याकाळपर्यंत हात धरून बोलत राहिल्या. मे महिन्यात खालाजान गेल्या. ती भेट शेवटची ठरली. गाडी जानेवारीत भंगारात गेली असती तर ती झाली नसती, आणि गाडी तशीच चालवत राहिलो असतो तर काय झाले असते, याचा विचारही नको वाटतो.

वाचकांपैकी अनेकांच्या दारात अशी जुनी व्हॅन असेल. तिच्यात म्हातारी माणसे, लहान मुले झोपत असतील. एक संध्याकाळ काढा. मॅट उचला, खाली बॅटरी ठेवा, आत बसून उजेड दिसतो का पाहा. मागच्या दारात कागदाची पट्टी धरून ओढा. आणि घरातले कोणी म्हणत असेल की मला गाडी लागते, तर लगेच सुपारी देऊ नका. आधी विचारा, कुठे बसल्यावर लागते?